पोनी प्ले : चाल, गाडी की स्वारी, सुरुवात कशापासून करावी

आधीच सांगते, हे १८ वर्षांच्या वरच्या लोकांसाठी आहे आणि ज्यांनी आपसात मोकळं बोलून हो म्हटलं आहे त्यांच्यासाठीच आहे. बाकीच्यांनी इथूनच परत जावं.

पोनी प्ले म्हणजे एकजण घोडा नाहीतर घोडी होते आणि दुसरा त्याचा मालक, शिकवणारा किंवा मोतद्दार होते. पट्टे, लगाम, झापडं, शेपटी, कोणी कोणी खुरासारखे बूट पण घालतात. बऱ्याच जणांसाठी यात सेक्स असतेच असं नाही. ज्याला दिवसभर ऑफिसात पन्नास निर्णय घ्यावे लागतात त्याला अर्धा तास काहीच ठरवायचं नाही, बोलायचंही नाही, फक्त दोरीचा इशारा समजून चालायचं, यात जी शांतता भेटते ती दुसरीकडे भेटत नाही. माझा नवरा पोनी आहे, मी त्याला फिरवते. नागपुरात राहतो, दोन खोल्यांचा फ्लॅट, खालच्या मजल्यावर शेजारी. हे सांगितलं काहून की निवड करताना या सगळ्या गोष्टी मधी येतात.

यात ढोबळ तीन प्रकार. एक चाल म्हणजे शो पोनी, ऐटीत चालणं, गुडघे उचलून दुडकी, लांब दोरीवर गोल फिरणं. दुसरा गाडी, म्हणजे दोन चाकांची हलकी गाडी ओढणं. तिसरा स्वारी, म्हणजे पाठीवर बसणं. नव्या जोडप्यांना स्वारी सगळ्यात सोपी वाटते कारण विकत काहीच घ्यायचं नाही, हात-गुडघे टेकले की झालं. आम्ही पण तिथूनच सुरू केलं आणि तिसऱ्याच दिवशी नवऱ्याची कंबर धरली, डॉक्टरला सिलेंडर उचलला असं सांगावं लागलं, आठ दिवस पट्टा. ते आजही मनाला लागून आहे कारण चूक माझी होती, मी मधोमध बसले होते.

हिशोब करून पाहा ना. खऱ्या घोड्यासाठी साधारण नियम असा धरतात की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत पाहिजे. ४०० किलोचा घोडा म्हणजे ८० किलो. हाच नियम ७० किलोच्या माणसाला लावला तर येतात १४ किलो! आणि आपण ५५-६० किलोचा माणूस बसवतो, तेही अशा कण्यावर जो उभं राहायसाठी बनलेला आहे, आडवा झाला की मधोमध झोळीसारखा वाकतो. म्हणून स्वारी करायचीच असेल तर बसणाऱ्यानं कमरेच्या हाडावर, म्हणजे अगदी मागं बसावं आणि आपलं बहुतेक वजन स्वतःच्या पायांवर ठेवावं, पाय जमिनीला टेकलेलेच पाहिजेत, बसणं नावापुरतं. गुडघ्याखाली जाड गादी किंवा स्पोर्ट्सच्या दुकानातले नी-पॅड, मनगटं दुखायला लागली की थांबणं. खांद्यावर बसवून उभ्यानं चालणारेही असतात, पडले तर दोघंही पडतात आणि वरचा डोक्यावर पडते, मी कोणालाच सुचवणार नाही. ज्याला स्लिप डिस्कचा, गुडघ्याचा त्रास आहे त्यानं स्वारी सोडूनच द्यावी.

गाडीचं उलटं आहे. दिसायला सगळ्यात अवघड, पण शरीराला स्वारीपेक्षा कितीतरी सोपी. सपाट चांगल्या रस्त्यावर, सायकलच्या हवा भरलेल्या चाकांवर ८० किलो ओढायला दोन-तीन किलोच्या वर जोर लागत नाही. मजा येते, वारा लागते, पोनीला आपण काहीतरी खरंच करून राहिलो असं वाटते. पण रस्ता १०० मीटरला ५ मीटर जरी चढला तरी अजून ४ किलोची भर पडते, आणि उतारावर तर गाडी मागून ढकलते, तेव्हा ब्रेक नसला की पोनी धावतच सुटते. आणि तोल. बैलगाडीवाल्यांना विचारा, ओझं मागं गेलं की गाडी उलार होते आणि दांड्या वर उचलल्या जातात, पुढं आलं की सगळा भार जनावराच्या मानेवर. इथं ती मान माणसाची आहे. बसणाऱ्याचं वजन बरोबर आकाच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या वर, किंचित पुढं. दांड्या कमरेच्या रुंद पट्ट्याला, झटक्यात सुटतील अशा कड्यांनी. पोनीचे हात दांड्यांना कधीच बांधू नका, दिसते छान पण ठेच लागली तर तोंडावर पडते, हात पुढं करता येत नाही.

गाडीची खरी अडचण जागा आहे. फुटाळा तलावाच्या रस्त्यावर पहाटे कोणी नसते असं म्हणणारे भेटले मला. कोणी नसते असं होतच नाही, फिरायला येणारे, दूधवाले, आणि त्यांनी हे पाहायला होकार दिलेला नाही. आपल्या संमतीएवढीच त्यांची पण आहे. कायदाही तिथंच येते, सार्वजनिक जागी अश्लील वागण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं २९६ कलम आहे. म्हणजे कुंपणवालं फार्महाऊस, काटोल रोड, उमरेड रोडकडे कोणा विश्वासातल्याचं, आणि मालकाला काय चाललंय ते ठाऊक असलं पाहिजे. गाडी बनवून घेणं, ठेवणं, नेणं, सगळं धरलं तर खर्च तिन्हीत जास्त. ज्यांचं एक-दोन वर्षं झालं, टिकणार आहे असं दिसते, त्यांनी घ्यावी.

आता चाल. माझं ऐकाल तर इथूनच सुरू करा, आणि पुष्कळ जण इथंच राहतात, पुढं जायची गरजच वाटत नाही. लोकांना वाटते हे नुसतं दाखवायचं काम आहे पण पोनी प्लेचा सगळा जीव यात आहे. न बोलता समजणं. डाव्या दोरीला हलका ओढा म्हणजे डावीकडे, दोन्हीला थोडं धरलं की थांब, जिभेचा टकटक आवाज केला की चाल. आम्हाला नुसतं थांबणं नीट जमायला तीन आठवडे लागले आणि ते तीन आठवडे आमच्या लग्नातले चांगले दिवस आहेत, खरं सांगते.

इथं घोडा आणि माणूस यांच्यातला फरक पुन्हा समजून घ्या नाहीतर दुखापत होते. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्या मधी रिकामी जागा असते, लगामाची कडी, म्हणजे तोंडात धरायचा आडवा तुकडा, तिथं हिरडीवर बसते. आपल्याला अशी जागाच नाही, कडी दातांवर येते आणि ओढलं की कानापाशी जबड्याचा सांधा दुखते. म्हणून कडी रबराची किंवा सिलिकॉनची, तोंडात नुसती धरायला, आणि लगाम तिला न लावता छाती-खांद्याच्या पट्ट्यांना लावायचा. गळ्याला तर काहीच ओढायचं नाही. ज्याची त्याची कडी वेगळी, दरवेळी धुवून. घोड्याच्या दुकानातली लोखंडी नको. खुराच्या बुटांचं पण तसंच, घोडा मुळात एका बोटाच्या नखावर चालते, त्याचा पाय तसाच घडला आहे, आपण टाच उचलून चाललो की पोटरी अन् घोटा दोन्ही जातात. पहिले सहा महिने साधे स्पोर्ट्स शूज, त्यातही खालचे शेजारी झोपले असतील तर मोजे आणि सतरंजी. झापडं लावली की बाजूचं दिसत नाही, घोड्याचे डोळे बाजूला असतात म्हणून त्याला लावतात, आपल्या पोनीला लावली तर टीपॉय आधी बाजूला करा.

तोंडात कडी असली की नको म्हणता येत नाही. म्हणून इशारा आधी ठरवून ठेवायचा, चाल, गाडी, स्वारी काहीही असो. आमच्याकडे पोनीच्या मुठीत घुंगरू असते, इतवारीतून आणलेलं, ते खाली पडलं की सगळं थांबते, का पडलं ते नंतर. हातात काही धरता येत नसेल तर पाय तीनदा आपटणे. चाबूक वापरायचा की नाही हे आधी बोला, वापरला तर टेकवण्यापुरता, कणा आणि कंबरेच्या बाजूला किडनीपाशी नाहीच.

सामानासाठी लगेच हजारो रुपये घालू नका. खोगीर-लगामाचं कातडी काम कानपूरचं नावाजलेलं आहे, जगभर जाते, पण ते घोड्याच्या मापाचं. सुरुवातीला रुंद सुती पट्टे आणि बकल पुरतात, शेपटी कमरेच्या पट्ट्याला अडकवता येते.

अन् आपला उन्हाळा. एप्रिल-मे मधी ४५ च्या वर जाते, कूलर नुसता दमट वारा फेकते, अशात तोंड झाकून चामड्याचे पट्टे बांधून दुडकी चालवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. आम्ही मार्च ते जून सगळं बंद ठेवतो, फक्त खरारा, म्हणजे मऊ ब्रशनं पाठ आणि केस विंचरणं. गाडी तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच.

काहींच्या मनात असते की हा आजार तर नाही. जागतिक आरोग्य संघटनेची नवी यादी, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, त्यात संमतीनं होणाऱ्या अशा आवडी नुसत्या आवडी म्हणून आजारात धरलेल्या नाहीत. फोटोची मात्र काळजी घ्या, चेहरा नको, आणि दोघांच्या परवानगीशिवाय क्लिकच नको. ऑनलाईन स्वतःला ट्रेनर म्हणवून आधी पैसे किंवा आधी फोटो मागणारा भेटला तर तिथंच ब्लॉक करा. नागपूर मोठं झालं तरी ओळखी लहानच आहेत.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांच्या वर नको. संपल्यावर पट्टे घाईत काढू नका. मी आधी कडी काढते, पाणी देते, मग खांद्याचे, मग कमरेचे, त्वचेवर वळ राहिले का ते पाहते. गाजराचा तुकडा त्याला आवडते. मग त्याच्या खऱ्या नावानं हळू हाक मारते, आणि तो 'हं' म्हणेपर्यंत मोठा लाईट लावत नाही.