वर्गणीतून घेतलेली १४ लाइफ जॅकेटं : दिवाळ्याच्या जेटीवरून रिव्ह्यू

आधीच सांगते, मी काही बोटिंगची एक्सपर्ट वगैरे नाही. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात राहते, बाबांची छोटी होडी आहे आणि मंडळाचा हिशोब माझ्याकडे असतो, म्हणून हे जॅकेटांचं काम माझ्या गळ्यात पडलं. पण आता चार महिने वापरून झालेत तर लिहिते, कारण घेताना मला मराठीत कुठे धड काही सापडलं नव्हतं.

विषय सुरू झाला १८ डिसेंबर २०२४ ला. एलिफंटाला जाणाऱ्या फेरीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली त्या दिवशी गावात सगळ्यांचे फोन वाजत होते, कोणाचं कोण तिकडे आहे का विचारायला. मग रात्री जेटीवर बसल्या बसल्या कोणीतरी विचारलं, आपल्या होड्यांत जॅकेटं किती? मोजली तर सगळ्या मिळून दोन. त्यातल्या एकात उंदराने घर केलेलं आणि दुसरं कोणाच्या तरी पोटमाळ्यावर.

मंडळात गणपतीचे थोडे पैसे शिल्लक होते, वर घरटी २०० रुपये काढायचे ठरलं, आणि मग जे होतं तेच, एक म्हणे नवीन स्पीकर घ्या, दुसरा म्हणे मंडपाचं कापड फाटलंय. तेव्हा माझ्या मावसभावाने (ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला असतो) फोनवर सांगितलं की अगं इकडे रेस्क्यूचं हेलिकॉप्टर पण लोकांच्या पैशावर चालतं. मला आधी खरं वाटेना. वेस्टपॅक रेस्क्यू हेलिकॉप्टर म्हणतात त्याला. १९७३ ला सिडनीत सुरू झालं, न्यूकॅसलकडे १९७५ ला. सरकारचा करार आहे, बँकेचं नाव आणि पैसा आहे, पण बाकी शाळेतली पोरं, दुकानदार, क्लबवाले सगळे देणगी गोळा करतात आणि ज्याला पाण्यातून उचललं त्याच्याकडून एक रुपया घेत नाहीत. इंग्लंडात तर लाइफबोटीची संस्था १८२४ पासून देणग्यांवर चालू आहे. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं तर बाबा म्हणाले, "तिकरं हेलिकॉप्टरला देतान, आपले डीजेला देतान." सगळे हसले आणि पैसे मंजूर झाले, एवढंच काम झालं त्या वाक्याने.

आपल्याकडे हेलिकॉप्टर कोस्ट गार्डचं नाहीतर नेव्हीचं येतं, त्याची वर्गणी आपल्याला काढायची नाही. फोन फक्त लावायचा, १५५४, कोस्ट गार्डचा टोल फ्री आहे, चोवीस तास. पण फोन लागल्यापासून ते वर घरघर ऐकू येईपर्यंत माणूस पाण्यावर राहिला पाहिजे ना. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज (समुद्रात काम करणाऱ्या कामगारांची राहायची बोट) बुडाला, त्यातून वाचलेले लोक जॅकेट घालून तासनतास लाटांत तरंगत होते. त्यामुळे मी जॅकेट बघताना हाच हिशोब ठेवला, की बेशुद्ध माणसाचं तोंड वर राहतं का आणि वरून तो दिसतो का. बाकी कलर कॉम्बिनेशन, खिसे, झिप सगळं गेलं चुलीत.

पहिलं सॅम्पल ऑनलाइन मागवलं, ६४९ रुपये, फोटो एकदम भारी, रेटिंग पण छान. आलं तर निळं! पाण्यात निळं जॅकेट कोणाला दिसणार सांगा. लेबलवर किती न्यूटन (म्हणजे पाण्यात किती उचलतं) ते लिहिलेलंच नाही, पायांमधून जाणारा पट्टा नाही, शिट्टी फुंकली तर नुसती हवा. भाच्याला घालून भरतीच्या वेळी जेटीजवळ उतरवला, कमरेला दोरी बांधून, वर आम्ही चौघे धरून. त्याला म्हटलं आता बेशुद्ध झाल्यासारखा अंग सैल सोड. जॅकेट सरसर वर आलं ते कानापर्यंत, आणि पोरगा खाली तोंड खाडीत. दोन सेकंदांत ओढून घेतला आणि ताईने मला जे काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. परत पाठवायला गेले तर म्हणे वापरलेला माल घेत नाही. त्याला शून्य स्टार.

मग दोघे-तिघे मुंबईच्या दारूखाना भागात गेलो. तिथे बोटीच्या सामानाची दुकानं आहेत, दोर, नांगर, पंप सगळं एका गल्लीत, आणि ग्रीसचा वास असा की घरी येऊन केस धुवावे लागतात. आम्ही गेलो त्या दुकानातले काका बोलायला खडूस पण माल दाखवायला एक नंबर. त्यांनीच समजावलं की ५० न्यूटनचं असतं ते पोहता येणाऱ्याला नुसती मदत, किनाऱ्याजवळ, कयाक वगैरेला. १०० न्यूटनचं शांत पाण्यात माणसाला उताणं करायच्या हिशोबाने बनवलेलं. १५० चं खोल समुद्रासाठी. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोची उचल. मी विचारलं ९० किलोचा माणूस १० किलोवर कसा तरंगेल, तर काका म्हणाले पाण्यात माणसाचं वजन उरतं किती, चार-पाच किलो, बाकी पाणीच उचलतं. हे मला शाळेत कोणी असं सांगितलं असतं तर सायन्समध्ये पास झाले असते नीट.

फोमचं १०० न्यूटनवालं नारिंगी घेतलं, एकाला ११५० पडले, १४ घेतली म्हणून शिट्ट्यांच्या दोऱ्या फुकट. तीच जेटी, तोच भाचा (ताईला न सांगता). अंग सैल सोडलं तर हळूहळू फिरला आणि उताणा, तोंड पाण्याच्या बऱ्यापैकी वर. मुद्दाम पालथा केला तरी परत फिरला. लाटेत एवढं पटकन होणार नाही हे माहीत आहे, खाडी आहे ही. रात्री जेटीवरून मोबाइलचा टॉर्च मारला तर खांद्यावरच्या पट्ट्या अशा चमकल्या की कुत्रे भुंकायला लागले. ही टेस्ट महत्त्वाची आहे हां, वरून बघितलं तर पाण्यातलं माणसाचं डोकं म्हणजे नारळी पौर्णिमेला सोडलेला नारळ, एकदा नजर हटली की गेला.

घालून बघताना एक करा, सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला मागून खांद्याला धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर आलं तर साइज मोठा आहे किंवा पायातला पट्टा लावला नाहीये. तो पट्टा सगळ्यांना लाज वाटते म्हणून लावत नाहीत.

आता तक्रारी. एक, गरम होतं. मे महिन्यात दुपारी फोमचं जॅकेट घालून जाळं ओढा म्हणजे कळेल. दोन, पट्ट्यांची लोंबणारी टोकं जाळ्यात अडकतात, आणि हे छोटं नाही, जाळं सोडताना अडकलात तर जॅकेटच तुम्हाला पाण्यात नेईल. आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल काप करून त्यात टोकं गुंडाळून ठेवली, मस्त बसतात. तीन, बकल प्लॅस्टिकचं आहे, खारं पाणी आणि चिखल जाऊन घट्ट होतं, दर वेळी गोड्या पाण्याने धुवायला लागतं आणि सावलीत वाळवायचं, उन्हात टाकलं तर कापड विटतं.

एक फुगणारं पण घेतलं होतं ट्रायलला, १५० न्यूटन, सहा हजारांच्या पुढे. गळ्यात पट्ट्यासारखं बारीक, बाबा खूश, म्हणे हे जमतंय. पाणी लागलं की आपोआप फुगतं. झालं काय, पहिल्याच पावसात होडीत उभे असतानाच फस्स करून फुगलं आणि बाबांची मान दोन उशांमध्ये! त्याची गोळी पाण्याने विरघळते, ती आमच्या पावसालाच विरघळली. आता नवीन गोळी आणि ३३ ग्रॅमचा गॅसचा सिलिंडर आणा, त्याच्यासाठी परत दारूखाना. जाळ्यावरच्या माणसासाठी हे नाही, दोरी ओढून फुगवायचं मॉडेल कदाचित चालेल, आम्ही वापरलेलं नाही.

अजून एक, मावसभावाकडून ऐकून मी सगळ्या जॅकेटांबरोबर एक लॅमिनेट केलेला कागद दिलाय. हेलिकॉप्टर वर आलं की आधी ताडपत्री, क्रेट, जाळं बांधून टाका, पंख्याच्या वाऱ्याने सगळं उडतं. वरून तार आली की झेप घालून धरू नका, तिच्यात करंट साठलेला असतो, आधी पाण्याला लागू द्या. तार होडीला कधीच बांधायची नाही. काखेत पट्टा आला की हात खाली, वर केले तर सरळ निसटून खाली. हा कागद वाचून काकू म्हणाली, एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा बुडूच नका.

वापराचं बोलायचं तर १४ पैकी ९ जॅकेटं रोज होडीत जातात. तरुण पोरं घालतात कारण फोटो चांगला येतो, चालेल, कारण काही का असेना. जुनी माणसं अजून "खारी काय मना नवी हाय का" (खाडी काय मला नवीन आहे का) वरच आहेत. बाबा नेतात न चुकता. मी परवा पहाटे जेटीवर जाऊन बघितलं तर घडी घालून बुडाखाली घेतलेलं, लाकडी फळी टोचते म्हणून. फोम दाबला गेला की उचल कमी होते हे काकांनी तीनदा सांगितलं होतं, मी घरी चारदा सांगितलं.

जॅकेटला चार स्टार, दुकानाला साडेचार (अर्धा काकांच्या तोंडासाठी कापला). एक्स्ट्रा लार्ज हवं असेल तर आधी फोन करून जा, आम्हाला दोन हेलपाटे पडले. आणि बाबांसाठी मी आता वेगळी उशी शिवायला टाकलीये.