न बदललेल्या ऑइल पंपाचे ५८,७०० रुपये

गेल्या जानेवारीत आईला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवून कोल्हापूरला परतत होतो. सातारा मागे पडला आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. आवाज नाही, धूर नाही, पिकअपही व्यवस्थित. पण आई गाडीत, म्हणून हायवेलगतच्या पहिल्याच बऱ्या दिसणाऱ्या मल्टिब्रँड गॅरेजमध्ये गाडी घातली. तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते.

तिथल्या मुलाने गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोष वाचणारा स्कॅनर लावला. दोषाचा कोड आला पी०६डीडी. मालक स्क्रीन बघून म्हणाला, "साहेब, ऑइल प्रेशर गेलंय. पंप संपला. असंच पुढं गेलात तर कराडच्या आत इंजिन सीज होणार, मग अडीच लाखाला बसाल." मागच्या सीटवर आईने हे ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. मी तिथेच घाबरलो. आज आठवतं ते एवढंच, की त्या माणसाने बोनेट उघडलं, पण ऑइलची डिपस्टिक काही बाहेर काढली नाही. ज्याला ऑइलच्या प्रेशरची खरी काळजी आहे, तो आधी ऑइल किती आहे ते बघतो.

आम्हाला शेजारच्या हॉटेलात बसवलं. दोनच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, चरे पडलेला पंप, खाली लिहिलेलं, "हा तुमचा." साडेपाचला गाडी तयार. बिल ५८,७०० : पंप ३१,५००, मजुरी १४,०००, गॅस्केट आणि सीलंट ५,५००, ऑइल-फिल्टर ५,२००, इंजिन फ्लश २,५००. "पक्कं बिल पाहिजे तर वर अठरा टक्के लागतील," असं म्हणाला. मी साध्या लेटरहेडवरचं बिल घेतलं आणि यूपीआयने पैसे दिले. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेल्या रकमेतून दिले, म्हणून ते अजून सलतात.

दिवा गेला होता. तिसऱ्या दिवशी गावातल्या गावात फिरताना परत लागला. तोच कोड.

मग उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी केलेलं काम क्रमाने सांगतो, कारण हा कोड आला की याच पद्धतीने जायला हवं. गाडी सपाट जागेवर लावून डिपस्टिक पाहिली. लेव्हल बरोबर, पण ऑइल काळंकुट्ट. ऑइलचा रंग लवकर बदलतो हे मला माहीत आहे, पण तीन दिवसांत इतका नाही. मग ऑइल प्रेशरचा सेन्सर काढून त्या जागी काट्याचा गेज लावला आणि इंजिन पुरतं गरम होऊ दिलं. आयडलला, म्हणजे रेस न देता, अडीच बार (बार हे दाबाचं माप), रेस दिल्यावर चारच्या वर. "साहेब, पंप मेला असता तर हा काटा वर गेला असता व्हय?" ते म्हणाले. "प्रेशर भरपूर हाय. कमी व्हायला पाहिजे तवा कमी होत नाय, ही खरी भानगड."

सगळी गोम इथेच होती. आजच्या बऱ्याच इंजिनांत ऑइल पंप कायम एकाच जोराने काम करत नाही. गरज नसताना पंपाने प्रेशर कमी ठेवावं, म्हणजे तेवढं पेट्रोल वाचतं, यासाठी एक विजेवर चालणारा सोलेनॉइड वॉल्व्ह असतो. इंजिनचा कॉम्प्युटर वॉल्व्हला हुकूम देतो आणि सेन्सरकडून प्रेशर बदललं का ते बघतो. बदललं नाही तर हा कोड. म्हणजे कोडमध्ये तक्रार आहे ती प्रेशरच्या नियंत्रणाची. त्यामागे वॉल्व्ह अडकणं असेल, त्याच्या जाळीत गाळ बसणं असेल, चुकीच्या जाडीचं ऑइल असेल, वायर किंवा सेन्सर असेल, आणि कधी पंपही असेल. पण एकट्या कोडवरून पंपावर बोट ठेवता येत नाही. लाल रंगाचा ऑइलच्या किटलीचा दिवा ही गोष्ट मात्र वेगळी. तो लागला तर गाडी त्याच क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि टो करून न्यायची, तिथे चालढकल नको. माझा दिवा पिवळा होता आणि मला भीती लाल दिव्याची घातली गेली.

मिस्त्रींनी स्कॅनरवरूनच वॉल्व्हला चालू-बंद करून पाहिलं. काटा हलला नाही. वॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला बाहेरूनच बसतो. तो काढला तर जाळी गाळाने बुजलेली. नवा वॉल्व्ह, ऑइल, फिल्टर, मजुरी धरून ९,१५० रुपये. आता वॉल्व्हला हुकूम दिला की काटा खाली येतो. तेव्हापासून दिवा लागलेला नाही.

मी त्यांना तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. फोटोतल्या पंपाला चेनचं चाक होतं. माझ्या इंजिनात पंप क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, नाकावर थेट बसतो, पुढच्या टायमिंग कव्हरच्या मागे. त्याला चेन नसतेच. त्या कव्हरच्या बोल्टांवर कारखान्यातल्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा होत्या. "ह्यो कुणी उघडलाच नाय," ते म्हणाले. जुना ऑइल फिल्टर खोलला तर त्यावर आदल्या सर्व्हिसला मार्करने लिहिलेले किलोमीटर. फिल्टरही बदललेला नव्हता. स्कॅनरमध्ये कोड पुसल्यापासून गाडी किती चालली याचा आकडा असतो, तो जवळपास त्या गॅरेजपासून घरापर्यंतच्या आणि नंतरच्या फेऱ्यांच्या अंतराइतकाच भरला. कोड पुसला होता, एवढंच काम झालं होतं. असे कोड पुष्कळदा दोन फेऱ्यांत दोष दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत, म्हणून मी निवांत घरी पोचलो.

त्या मालकाला फोन केला, जुना पंप मागितला. भंगारात गेला म्हणाला. तेव्हा माझी विनंती आहे, काम सांगतानाच "जुने पार्ट माझ्या डिकीत ठेवा" असं बोला आणि ते लेखी घ्या. पंप खराब म्हणतात तर गेज लावून काटा दाखवा म्हणा. अठरा टक्के वाचतात म्हणून पक्कं बिल सोडू नका.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, गॅरेजने उत्तर दिलं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, साताऱ्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. सोबत यूपीआयची नोंद, लेटरहेडवरचं बिल, तो फोटो आणि मिस्त्रींचं सहीनिशी पत्र जोडलंय. जुना फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवलाय. त्यावरचे मार्करचे आकडे अजून स्वच्छ वाचता येतात.