सिस्टमडीची ‘ऑनफेल्युअर’ सोय : सर्व्हर सुरू झाला, सेवांचे काय?

रावेरच्या एका केळी पिकवण्याच्या केंद्रातील चेंबरच्या तापमानाची नोंद ठेवणारा डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवरचा सर्व्हर आमच्या देखभालीत आहे. उन्हाळ्यात रात्री वीज जाऊन आली, की तो आपोआप सुरू होतो. पण त्यावरचा डेटाबेस उठला नाही, तर सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) सुरू करणारी व सांभाळणारी प्रणाली, अपयशाची नोंद जर्नलमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, चोख ठेवते आणि यंत्राची स्थिती ‘डिग्रेडेड’ (काही सेवा बंद पडलेली) असल्याचेही दाखवते, मात्र विचारल्याशिवाय काही सांगत नाही.

ही उणीव भरून काढणारी ‘ऑनफेल्युअर’ सोय सिस्टमडीतच आहे, तिला वेगळा खर्च नाही आणि मला ती मनापासून आवडली. सेवेच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे ती कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणाऱ्या फाइलमध्ये, एक ओळ लिहायची. सेवा अपयशी ठरली, की त्या ओळीत नमूद केलेले दुसरे युनिट चालते आणि सेवेचे नाव व जर्नलच्या शेवटच्या ओळी मेलने पाठवते. हीच ओळ सर्व सेवांना एकाच फाइलने लावता येते, फक्त मेल पाठवणारे युनिट त्यातून वगळावे लागते, नाहीतर ते स्वतःच्याच अपयशावर स्वतःला पुन्हा बोलावते.

खरी सावधगिरी पुढे लागते. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल आहे; डेबियनवर ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ नावाची मुख्य सेवा केवळ नावापुरती असते आणि ती नेहमी यशस्वी दिसते, म्हणून ओळ ‘१५-मेन’ या प्रत्यक्ष क्लस्टरच्या, म्हणजे खरोखर चालणाऱ्या डेटाबेसच्या, युनिटला लावावी. सेवा आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय चालू असेल, तर डेबियन १२मध्ये सगळे प्रयत्न संपल्यावरच इशारा जातो. मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ प्रयत्नांची आहे. दोन प्रयत्नांत ३० सेकंदांचे अंतर ठेवले, तर ती मर्यादा कधीच गाठली जात नाही, सेवा रात्रभर धडपडत राहते आणि मेल येतच नाही.

आमच्याकडे राउटरला सर्व्हरपेक्षा उशिरा इंटरनेट मिळते, त्यामुळे मेल थेट न पाठवता पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या रांगेत टाकणे मला आवश्यक वाटते; जोडणी आल्यावर तो पुन्हा प्रयत्न करतो. यंत्रच सुरू झाले नाही, तर मात्र ही सोय काहीच करू शकत नाही, त्यासाठी जळगावच्या कार्यालयातील दुसऱ्या यंत्रावरून रावेरच्या सर्व्हरची नियमित विचारणा चालू ठेवावी लागते.