रेस्मेटिरॉम की सेमाग्लुटाइड: फॅटी लिव्हर पुढे गेलं असेल तर

दोन्ही औषधं सिरॉसिस (लिव्हर कायमचं खराब होणं) व्हायच्या आधीच्या, म्हणजे एफ२-एफ३ फायब्रोसिसवाल्या (लिव्हरवर मध्यम ते जास्त व्रण पडलेल्या) पेशंटसाठी आहेत. रेस्मेटिरॉम ही रोजची गोळी, लिव्हरमधल्या थायरॉइड रिसेप्टरवर काम करते आणि तिथली चरबी जाळायला लावते, वजनावर फारसा फरक नाही. सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन, भूक कमी, वजन कमी, मग लिव्हरही सुधारतं. अमेरिकेत पहिलीला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, दुसऱ्याला या आजारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये.

आता आकडे बघताना जरा थांबा. सेमाग्लुटाइडवर ६२.९% लोकांची लिव्हरची सूज गेली आणि रेस्मेटिरॉमच्या मोठ्या डोसवर २९.९%, हे वाचून लगेच निकाल लावू नका, कारण सेमाग्लुटाइडच्या ट्रायलमध्ये नुसत्या प्लासिबोवरच (औषध नसलेल्या नकली डोसवर) ३४.३% बरे झाले होते आणि रेस्मेटिरॉमच्या ट्रायलमध्ये ९.७%, शिवाय सेमाग्लुटाइडच्या ट्रायलमधली बायोप्सी (लिव्हरचा तुकडा काढून तपासणी) ७२ आठवड्यांनी, रेस्मेटिरॉमची ५२ नी. फायब्रोसिस सुधारण्यात तर प्लासिबो वजा केला की फरक अनुक्रमे १४ आणि १२ टक्क्यांचा, म्हणजे जवळपास सारखंच!

मळमळ, जुलाब दोन्हीकडे, इंजेक्शनवाल्यांना बद्धकोष्ठाचा त्रास पण होतो. गोळीसोबत स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) चालू असेल तर स्टॅटिनचा डोस तपासावा लागतो.

माझं मत विचाराल तर वजन, शुगर जास्त असेल तर सेमाग्लुटाइड, सडपातळ माणसाला गोळी. अर्थात फायनल शब्द डॉक्टरांचाच.