स्टॉकहोमचे लष्कर संग्रहालय : सेनापती फॉन डोबेल्नच्या मागावर

स्टॉकहोमच्या ओस्टरमाल्म भागात, जुन्या तोफखान्याच्या आवारात १८७९ पासून असलेल्या लष्कर संग्रहालयात बहुतेक लोक शस्त्रे पाहण्याच्या अपेक्षेने जातात. शस्त्रे तेथे आहेतच. परंतु खरा भर युद्धाने सामान्य शिपायाचे आणि त्याच्या घरादाराचे काय केले यावर आहे, आणि त्यासाठी माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांतून उभे केलेले प्रसंग इतके नेमके आहेत की थंडी, उपासमार आणि रोगराई यांचा हिशोब फलक न वाचताही उमगतो.

मात्र एखाद्या सेनापतीची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर थोडे वाचून जावे, कारण मांडणी कालखंडांनुसार आहे, व्यक्तींनुसार नाही. मी स्वीडिश सेनापती गेऑर्ग कार्ल फॉन डोबेल्न (१७५८–१८२०) याचे नाव मनात धरून गेलो होतो. तरुणपणी तो फ्रेंचांच्या सेवेत शिरला आणि १७८३ मध्ये तमिळनाडूतील कडलूरला फ्रेंच सेनापती बुसीच्या फौजेतून इंग्रजांशी लढताना जखमी झाला. (निजामाच्या पदरी असताना पेशव्यांशी लढलेला बुसी तो हाच.) मायदेशी परतल्यावर १७८९ मध्ये पोरासाल्मीच्या लढाईत रशियनांची गोळी त्याच्या कपाळाला लागली, ती जखम त्याने पुढे जन्मभर काळ्या रेशमी पट्टीखाली झाकली. फिनलंडच्या युद्धात, १३ सप्टेंबर १८०८ रोजी, आजारी असतानाही त्याने युटास येथे रशियनांना परतवून मुख्य सैन्याची माघारीची वाट मोकळी ठेवली. दुसऱ्याच दिवशी ओरावाइसला त्या सैन्याचा पराभव झाला आणि १८०९ मध्ये फिनलंडच स्वीडनच्या हातून गेले. १८१३ मध्ये आदेश नसताना हॅम्बुर्गच्या मदतीला फौज धाडल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला देहान्ताची शिक्षा दिली. ती सौम्य होऊन कैदेवर निभावले.

ही कारकीर्द ठाऊक असली की विजयचिन्हांचे दालन वेगळे दिसू लागते. शत्रूकडून जिंकलेली रेशमी निशाणे तेथे मंद प्रकाशात जपली आहेत आणि त्यांतून स्वीडनच्या विस्ताराच्या काळाचा दरारा जाणवतो. डोबेल्नच्या वाट्याला त्या वैभवाची उतरती बाजू आली. त्याचे मोठेपण जिंकलेल्या निशाणांत नव्हे, वाचवलेल्या पलटणींत मोजावे लागते, आणि ते मोजण्याची नजर शिपायांच्या दालनांतच मिळते. म्हणून आधी ती दालने सावकाश पाहावीत आणि निशाणांकडे शेवटी वळावे, असे माझे मत आहे.

ओस्टरमाल्मस्टोरिय हे मेट्रो स्थानक येथून पायी जाण्याजोगे आहे. लहान मुलांना काही प्रसंग भीतिदायक वाटू शकतात. उन्हाळ्यात राजवाड्यावरील पहारा बदलण्यासाठी निघणारे पथक याच आवारातून वाद्ये वाजवीत कूच करते, तेव्हा त्या दिवसाची वेळ आधी पाहून ठेवली, तर एका फेरीत दोन्ही गोष्टी साधतात.