केरेतारोहून शनिवार-रविवार: ग्वानाह्वातो की सान मिगेल दे आयेंदे?

मेक्सिकोतील केरेतारो येथे एका सत्रासाठी शिकायला आलेल्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न लवकरच उभा राहतो. दोन्ही शहरे शेजारच्या ग्वानाह्वातो राज्यात आहेत, दोन्हींच्या वैभवामागे चांदी आहे, दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत (ग्वानाह्वातो १९८८ पासून, सान मिगेल २००८ पासून) आणि दोन्हींची छायाचित्रे इतकी देखणी असतात की त्यांवरून काहीच ठरवता येत नाही. माझ्या सत्रात मी दोन्ही ठिकाणी मुक्काम केला. त्या अनुभवावरून माझा कल एका बाजूला झुकला आहे, तो वाचकाने लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

इतिहासाची ओढ असणाऱ्याची निवड तर आणखी अवघड होते, कारण दोन्ही शहरे एकाच घटनाक्रमात येतात. स्पॅनिश सत्तेविरुद्ध केरेतारोत शिजलेला कट फुटल्याचा निरोप कटात सामील असलेल्या होसेफा ओर्तिस दे दोमिंगेस यांनी पाठवला. १६ सप्टेंबर १८१० च्या पहाटे दोलोरेस गावात पाद्री मिगेल इदाल्गो यांनी उठावाची हाक दिली. त्याच दिवशी वाटेतल्या आतोतोनिल्कोच्या देवस्थानातून ग्वादालुपे मातेचे, म्हणजे मेरीचे, चित्र निशाण म्हणून उचलले गेले. जमाव सान मिगेलला पोहोचला आणि २८ सप्टेंबरला ग्वानाह्वातोच्या ‘आलोंदिगा दे ग्रानादितास’ या धान्यकोठारावर तुटून पडला. पुढे १८११ मध्ये इदाल्गो, आयेंदे, आल्दामा आणि हिमेनेस या उठावाच्या चार नेत्यांची मस्तके याच कोठाराच्या चार कोपऱ्यांवर टांगली गेली आणि १८२१ पर्यंत तशीच राहिली. सान मिगेलच्या नावातले आयेंदे ते हेच. त्यांचे जन्मघर एका शहरात आहे आणि मस्तक टांगलेला कोपरा दुसऱ्यात, त्यामुळे इतिहासाच्या आधारे कौल देणे मला तरी जमले नाही.

सौंदर्यात सान मिगेल किंचित सरस आहे, हे मान्य करायला हवे. मुख्य चौकातल्या चर्चचा गुलाबी दगडाचा दर्शनी भाग सेफेरिनो गुतिएर्रेस या स्थानिक गवंड्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवला. युरोपातील चर्चच्या चित्रांवरून त्याने तो रचला, असे सांगतात. केरेतारोहून बसने तासाभरापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो आणि बसस्थानकापासून चौकापर्यंत चालतही जाता येते. ग्वानाह्वातोला जायला मात्र अडीच-तीन तास मोडतात, शिवाय तिथले बसस्थानक शहराबाहेर असल्याने पुढे स्थानिक बस धरावी लागते.

असे असूनही माझे मन सान मिगेलवरून उतरले, त्याचे कारण कोणाला क्षुल्लक वाटेल. तिथे माझ्याशी कोणी स्पॅनिश बोलेना. मी जुळवाजुळव करून एक वाक्य पूर्ण करावे आणि समोरच्याने अतिशय सौजन्याने त्याचे उत्तर इंग्रजीत द्यावे, हा प्रकार उपाहारगृहात, चित्रांच्या दालनात, अगदी फळे विकणाऱ्या बाईंकडेही घडला. यात त्या लोकांचा दोष नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे माजी सैनिक सरकारी शिष्यवृत्तीवर इथल्या कलाशाळांत शिकायला आले, काही इथेच राहिले, त्यांच्यामागून निवृत्त अमेरिकी आणि कॅनडियन मंडळी येत गेली, आणि परका चेहरा दिसला की इंग्रजी बोलावे ही गावाची सवयच होऊन बसली. परंतु घरून इतक्या दूर स्पॅनिश शिकायला आलेल्या माणसाला शनिवार-रविवारी इंग्रजीत पाहुणचार घ्यावा लागणे हे पोहायला शिकायला जाऊन काठावर बसण्यासारखे आहे. त्यातच शनिवारी संध्याकाळी लग्नांच्या मिरवणुका निघतात. कागदाच्या लगद्याच्या उंच बाहुल्या नाचवत त्या चौकातून जातात. दृश्य मोठे मजेदार असते, पण आपण दुसऱ्याच्या समारंभात आगंतुक आहोत ही भावना काही जात नाही.

ग्वानाह्वातोत याच्या नेमके उलट घडते, आणि त्याला कारण त्या शहराचा एक दोष आहे. पुराचे पाणी वळवण्यासाठी खोदलेले बोगदे आणि जुने नदीपात्र यांतून आज वाहतूक चालते, त्यामुळे एकाच जागी वर एक रस्ता आणि खाली दुसरा, अशी रचना झाली आहे. फोनवरचा नकाशा या दोहोंत पुरता गोंधळतो. शिवाय गल्ल्या अशा की निम्म्या पायऱ्यांवर संपतात. परिणामी दर दहा मिनिटांनी कोणाला तरी विचारावे लागते, आणि हे विद्यापीठाचे गाव असल्याने उत्तर देणारा बहुधा आपल्याच वयाचा, रिकामा आणि बोलका असतो. इदाल्गो मंडईतल्या एका विक्रेत्या आजोबांनी माझ्या वाक्यातला भूतकाळ दोनदा सुधारला आणि मगच सुटे पैसे परत दिले. वर्गात महिनाभर न बसलेली क्रियापदे त्या दोन दिवसांत जिभेवर बरीच रुळली, असे मला तरी वाटले.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: ‘एन्चिलादास मिनेरास’ हा तिथला खाणकामगारांचा पदार्थ चीज घालून, वर बटाटा-गाजर पसरून मिळतो, परंतु कोंबडी नको असे सांगावे लागते आणि तळण्यासाठी किंवा घेवड्याच्या भाजीत डुकराची चरबी वापरली आहे का, हेही विचारावे. ममींच्या संग्रहालयाला मी गेलो नाही. थडग्याचा कर न भरल्यामुळे उकरलेली ती माणसे काचेआड पाहण्याची इच्छा झाली नाही. रात्री मात्र जुन्या स्पॅनिश वेशातल्या गायकांमागून गल्ल्यांत फिरणारी ‘कायेहोनेआदा’ चुकवू नये; आणि त्याच कारणाने खोली घेताना ती शहराच्या मध्यावरच्या उनिओन बागेपासून जरा लांब पाहावी, कारण ते गाणे मध्यरात्रीपर्यंत खिडकीत येते.

महाराष्ट्रातून आई-वडील भेटीला येणार असतील, तर त्यांना सान मिगेललाच न्यावे. प्रवास कमी, इंग्रजी सर्वत्र, आणि आतोतोनिल्कोच्या भिंती-छतांवरची चित्रे त्यांना नक्की आवडतील. एकट्याने किंवा वर्गमित्रांसोबत जायचे असेल, तर मी शनिवारी पहाटेची ग्वानाह्वातोची बस सुचवीन. ऑक्टोबरात मात्र तिथल्या सेर्वांतिनो कलामहोत्सवामुळे खोल्या मिळणे कठीण होते, तेव्हा आरक्षण पुष्कळ आधी करावे किंवा सरळ नोव्हेंबर धरावा.