बोट न टोचता साखर सांगणारं घड्याळ: पैसे जातात, जिवावरही बेततं

‘सुई नको, पट्टी नको, मनगटावर बांधा आणि साखर बघा’ असं सांगून विकली जाणारी घड्याळं आणि अंगठ्या घेऊ नका. अशा एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

लोक फसतात ते नाडीच्या ठोक्यांमुळे. पाठीमागचा हिरवा दिवा रक्ताची धडधड टिपतो, ठोके बरोबर येतात, म्हणून साखरेच्या आकड्यावरही विश्वास बसतो. त्या उजेडात साखर मोजता येत नाही. काही ॲप सुरुवातीलाच वय, वजन आणि उपाशीपोटीची साखर विचारून घेतात. तुम्ही १३० भरलं की घड्याळ दिवसभर ११८, १३४, १४१ असं त्याच्याच आसपास फिरतं. गुलाबजाम खा नाहीतर जेवण चुकवा, फरक नाही. माहितीपत्रकात तळाशी बारीक अक्षरात ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ लिहिलेलं असतं.

विक्रेते आणखी एक फोटो दाखवतात: नामांकित घड्याळावर साखरेचा आलेख. तो आलेख खरा असतो, पण आकडा दंडावर चिकटवलेल्या सीजीएम (सतत साखर मोजणाऱ्या) सेन्सरकडून येतो. त्या सेन्सरची केसासारखी तार कातडीखाली जाते. घड्याळ नुसतं दाखवतं.

घेऊन बसला असाल तर परतीची मुदत संपायच्या आत पडताळा. हात साबणाने धुवा, कोरडे करा (बोटाला फळाचा रस असला तरी आकडा फुगतो). उपाशीपोटी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून २ तासांनी ग्लुकोमीटरवर मोजा, त्याच वेळी घड्याळावर. मग घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधून पाहा. टॉवेलचीही साखर आली, तर आणखी पुरावा नको.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर त्या आकड्यावरून डोस कधीच ठरवू नये. खरी साखर ५५ असताना घड्याळ १२५ दाखवत राहिलं, तर घाम आणि थरथर सुरू होऊनही घरचे निर्धास्त राहतात. अशा वेळी ग्लुकोमीटरच लावा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर ३ चमचे साखर पाण्यात द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

पैसे परत मिळत नसतील तर बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही आकडे एकत्र दिसतील असे फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवा. जाहिरात काढून टाकली जाण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.